फटी तेवढ्या बुजवायच्या राहिल्यात

होडी जवळजवळ पूर्ण झाली होती. हेडक्लार्कांच्या हातून होणाऱ्या बऱ्याच गोष्टी या 'जवळजवळ'पर्यंत अगदी सुखरूप येत आणि तिथेच मुक्काम ठोकत. बाहेरच्या खोलीतली फळी त्यांनी स्वतः भिंतीवर ठोकली होती आणि ती जवळजवळ सरळ होती. (तिच्यावर गोल काही ठेवायचं नाही, एवढा एकच नियम घरात पाळावा लागे.) स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी त्यांनी दुरुस्त केल्यापासून जवळजवळ लागत होती. त्यामुळे शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी जेव्हा जाहीर केलं की होडी झाली, आता फक्त फटी तेवढ्या बुजवायच्या राहिल्यात, तासाभराचं काम, तेव्हा त्यांच्या बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही तासाभराचं म्हणालात?" तिने विचारलं.

"फार तर दीड तास."

तिने फडकं पुन्हा उचललं आणि देवाचं नाव घेतलं.

ही होडी म्हणजे नुसता छंद असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ती हेडक्लार्कांच्या सासऱ्यांसाठी होती. सासरे म्हणजे हाडाचे नावाडी. उभी हयात त्यांनी नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेली. मग पूल झाला. नाव बंद पडली, काठावर पालथी झाली आणि एका पावसाळ्यात कुजून गेली. त्यानंतर सासूबाईही गेल्या. आता म्हातारा एकटा घरात बसून पुलावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचा. लेकीचा जीव तुटायचा. बाबांनी आपल्याकडे कायमचं राहायला यावं म्हणून ती फोनवर रोज विनवण्या करायची, आणि बाबा "चार दिवस येतो" म्हणून यायचे आणि पाचव्या दिवशी बूट घालून दारात उभे राहायचे. भांडण नाही, तक्रार नाही. "सगळं छान आहे गं तुझ्याकडे," ते म्हणायचे, "पण मी इथे करू काय?"

मागच्या खेपेला ते गेले तेव्हा ती संध्याकाळभर त्यांच्या रिकाम्या पलंगावर बसून राहिली होती. हेडक्लार्क दारात येऊन उभे राहिले, काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि जेवायला काय आहे असं विचारून बसले. तो प्रश्न आपण विचारायला नको होता हे त्यांना पुढे कितीतरी दिवस बोचत होतं. त्याचीच भरपाई म्हणून एका दुकानाच्या काचेमागे त्यांना नावेचं चित्र असलेलं खोकं दिसलं तेव्हा ते थेट आत गेले. खोक्यात लाकडाच्या फासळ्या होत्या, पातळ पट्ट्यांची जुडी होती आणि एक माहितीपुस्तिका होती. पलंगासमोर बाबांची स्वतःची नाव असली की त्यांना घर परकं वाटणार नाही, असा त्यांचा बेत. बायकोला तो बेत इतका आवडला की तिने त्यांच्या हातांच्या पूर्वेतिहासाकडे काणाडोळा केला. माणूस आशेपोटी कशाकशाकडे काणाडोळा करतो.

आता फटी पडल्या कशा, ते सांगायला हवं. होडीचं पोट मध्ये फुगीर असतं आणि टोकाशी निमुळतं होतं. खोक्यातल्या पट्ट्या मात्र इथून तिथून सारख्या रुंदीच्या. त्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे थोडीथोडी तासून बारीक करायची असते. तसं पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं होतं. पण हेडक्लार्क पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले. सगळ्यांना समान वागणूक हा त्यांचा जन्माचा बाणा. एकाच पट्टीची टोकं तासायची आणि पोट तसंच ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी एकीलाही हात लावला नाही. पट्ट्या टोकाशी एकमेकींना अगदी गळ्यात गळे घालून चिकटल्या आणि पोटाशी आल्यावर फाकल्या. काही फटींतून सुई गेली असती, काहींतून कंगवा. एका फटीतून बायकोने कौतुकाने करंगळी घालून बघितली आणि मग ती काढायला थोडं तेल लावावं लागलं.

शिवाय पट्ट्या चिकटेपर्यंत दाबून धरायला त्यांनी घरातले झाडून सगळे कपड्यांचे चिमटे लावले होते. होडी साळिंदरासारखी दिसत होती आणि दोरीवरचे कपडे वाऱ्यावर सोडलेले होते. त्यातूनच हेडक्लार्कांचा बनियन खालच्या मजल्यावरच्या सुताराच्या दुकानात उतरला. सुताराने तो चिठ्ठी लावून खिडकीत टांगून ठेवला होता. हेडक्लार्क तिसऱ्या दिवशी तो आणायला गेले तेव्हा त्यांची आणि सुताराची ओळख झाली.

(हे सगळं करणारा माणूस ऑफिसात कुठल्या टेबलावर बसत होता, हे विचारू नका. विचारलंत तर सांगावं लागेल. गळतीच्या तक्रारींच्या.)

तर शनिवार सकाळ. सासरे रविवारी येणार. फटी बुजवायला लाकडाचा बारीक भुसा पांढऱ्या गोंदात कालवायचा, तो लगदा बोटाने फटीत भरायचा आणि वाळल्यावर काचपेपरने घासून सपाट करायचा, इतकी साधी कृती. भुसा मात्र त्याच लाकडाचा हवा, म्हणजे रंग जुळतो. आणि तो भुसा हेडक्लार्कांनी आदल्याच दिवशी झाडून, पुसून, घर आरशासारखं करून कचऱ्यात टाकला होता. बायकोने त्याबद्दल शाबासकीही दिली होती. लग्नानंतर स्वच्छतेसाठी मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि तीही अशी अंगाशी आली.

ते सुताराकडे गेले. सुताराने काय हवंय ते ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातलं भुशाचं पोतं त्यांच्यापुढे ओढलं. हेडक्लार्कांनी खिशातून चमचा काढला. सुताराने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा चमच्याकडे पाहिलं आणि इतर गिऱ्हाइकांसमोर काही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला. त्या पोत्यात दारं, खिडक्या, पलंग, कपाटं असा सगळ्या जातींच्या लाकडांचा भुसा एकत्र नांदत होता. हेडक्लार्कांनी वरवरचा, दिसायला गोरा असा चमचाभर घेतला. गोंदात पडल्यावर तोही गोरा राहिला. वाळल्यावर मात्र तो तपकिरी झाला आणि दुपारपर्यंत चांगला काळपट पडला.

बायको जेवायला बोलवायला आली ती थबकली.

"हिचं ऑपरेशन झालंय का?" तिने विचारलं.

खरोखरच पांढऱ्याशुभ्र होडीच्या पोटावर लांबच लांब काळे टाके घातल्यासारखे दिसत होते. हेडक्लार्कांनी जेवण बाजूला ठेवलं आणि काचपेपर हातात घेतला. काळं जाईपर्यंत घासायचं असं त्यांनी ठरवलं. काळं हटेना, तसे ते इरेला पेटले. काळ्याच्या शेजारचं पांढरं मात्र भराभर हटत होतं. एका ठिकाणी घासता घासता बोट आत गेलं. तिथे आधी फट नव्हती, आता खिडकी झाली होती.

त्यांनी घाबरून बायकोकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, तिला काही कळलं नव्हतं. पण तिच्या हातात जे लाकडी उलथनं होतं ते मात्र त्यांच्या नजरेत भरलं. रंग अगदी होडीसारखा. ती दुकानात गेल्यावर त्यांनी उलथनं काचपेपरावर धरलं. थोडंसंच घासायचं, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं. पण पोटाला खिडकी पडलेली, तिला थोडक्यात काय होतंय. मग भाज्या चिरायची फळी एका कडेने घासली. मग बायकोच्या कंगव्याची मूठ, तीही लाकडाची निघाली. या भुशाचा लगदा मात्र रंगाला असा फक्कड जमला की हेडक्लार्क दोन पावलं मागे सरून स्वतःशीच हसले. खिडकी बुजली. काळे टाके खरवडून काढले होते, तेही बुजले. करंगळीची फट बुजली. होडी आता खरोखरच, 'जवळजवळ' नव्हे, होडीसारखी दिसू लागली होती.

संध्याकाळी बायकोने भाजी परतायला घेतली आणि उलथनं हातात धरून बराच वेळ उभी राहिली.

"हे इतकं सडपातळ कधी झालं?"

"वापराने होतं," हेडक्लार्क म्हणाले.

"आणि फळी एका बाजूने उतरती झालीय ती?"

"तीही वापरते की तू."

तिने कंगव्याचं विचारलं नाही. तो तिने आधीच पाहिला होता आणि गॅसच्या उजेडात तिचा चेहरा हसू दाबताना लाल झाला होता. मग ती हात पुसत त्यांच्या खोलीत आली आणि म्हणाली, की बघू तरी माझं स्वयंपाकघर कुठे गेलं ते. हेडक्लार्कांनी पडदे ओढले. ऑफिसातल्या सवयीने त्यांना गळती तपासायची होती. त्यांनी विजेरी पेटवून होडीच्या पोटात ठेवली. जिथे जिथे लगदा कमी पडला होता तिथून उजेडाच्या बारीक रेघा भिंतीवर आणि छतावर पसरल्या. हेडक्लार्कांचा चेहरा पडला. बायको मात्र त्या रेघांकडे बघत राहिली. ती म्हणाली, की लहानपणी बाबांच्या नावेत पालथं पडून पाण्याकडे पाहिलं की ऊन असंच अंगावर हलायचं. मग तिने त्यांच्या हाताला लागलेला वाळका गोंद नखाने खरवडून काढला आणि त्यांना जेवायला नेलं. उरलेल्या फटी त्यांनी जेवणानंतर भरल्या. वॉर्निश लावायचं राहिलं, पण त्या वासाने बाबांना खोकला येतो, तेव्हा ते नंतर लावू, असं दोघांचं ठरलं.

सासरे रविवारी आले. चहा झाला, प्रवासाची चौकशी झाली. मग लेकीने त्यांना पलंगावर बसवलं आणि त्यांच्या मांडीवर होडी ठेवली.

होडीच्या कडेवरून त्यांनी अंगठा पुढून मागे नेला, मग मागून पुढे आणला. हेडक्लार्क श्वास रोखून उभे होते. ऑफिसात वरिष्ठ तपासणीला आले तरी त्यांचा श्वास चालू असतो.

"कुणी केली?" शेवटी सासऱ्यांनी विचारलं.

"यांनी," लेक म्हणाली.

"जावईबापूंनी?" ते म्हणाले, आणि त्यांनी जावयाकडे असं पाहिलं की जणू आजवर ओळखच झाली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसलेही नाहीत. हेडक्लार्कांना त्या क्षणी वाटलं की आपण जिंकलो, आता म्हातारा कुठे जात नाही. थोड्या वेळाने सासऱ्यांनी हिला पाण्यात कधी घालायची असं विचारलं, तेव्हा दोघं नवराबायको मनापासून हसली. सासरे हसले नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी हेडक्लार्क ऑफिसात गेले आणि टेबलाशी बसून एका बाईंना त्यांच्या मोरीतल्या ओलीबद्दल धीर देत होते, तेवढ्यात घरून फोन आला. बायकोचा आवाज कापत होता. ती भाजी आणायला गेली होती, परत आली तर बाबा बाथरूममध्ये, दार आतून बंद. कितीतरी वेळ झाला, बाहेर येत नाहीत. विचारलं तर नुसतं म्हणतात, थांब, अजून पीत नाही.

"काय पीत नाहीत?"

"मला काय माहीत. तुम्ही या."

हेडक्लार्क ओलीच्या बाईंना अर्ध्यावर सोडून निघाले. (पुढे त्या बाईंनी याविषयी लेखी तक्रार केली आणि ती तक्रार नियमाप्रमाणे त्यांच्याच टेबलावर आली.) जिने चढून ते धापा टाकत बाथरूमच्या दाराशी पोचले तेव्हा बायको दाराला कान लावून उभी होती.

"बाबा," ते म्हणाले, "बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय," आतून आवाज आला. "हिचं बरं दिसत नाही."

"कुणाचं?"

"आत पाणी येतंय. तसं आधी येतंच."

पाणी म्हटल्यावर हेडक्लार्कांच्या अंगात ऑफिस संचारलं. त्यांनी घसा साफ केला. "गळती वरून आहे की खालून?"

आत पाण्यात हात फिरवल्याचा आवाज झाला.

"चहूकडून," सासरे म्हणाले, आणि दाराची कडी निघाली.

ते बाह्या दुमडून स्टुलावर बसले होते. समोर कपडे भिजवायचा मोठा टब. टबातलं पाणी पेजेसारखं गढूळ झालं होतं आणि त्यावर पट्ट्या सुट्या सुट्या तरंगत होत्या. मध्ये नुसत्या फासळ्यांचा सांगाडा. उलथनं, फळी आणि कंगवा यांचा लगदा तळाशी गाळ होऊन बसला होता.

झालं होतं असं. लाकडी नाव बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि फटी पडतात. मग नावाडी तिला काठाशी पाण्यात ठेवून देतात. सुरुवातीला पाणी आत येतं, पण लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. सासऱ्यांनी जन्मभर हेच केलं होतं. आदल्या दिवशी अंगठा फिरवताना त्यांना होडी कोरडी लागली होती, कुठेकुठे फटही जाणवली होती. जावयाने एवढ्या मायेने केली, तिला पाणी पाजून पक्की करून द्यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. फक्त पांढरा गोंद पाण्यात विरघळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नदीवर असली वस्तू कुणी वापरत नाही.

"उभ्या जन्मात एक माणूस बुडू दिला नाही मी," सासरे टबाकडे बघत म्हणाले. "पुराच्या पाण्यातसुद्धा. आणि तुमची होडी कपड्याच्या टबात बुडवली."

"असू दे हो बाबा," लेक म्हणाली.

"असू दे कसं. दुसऱ्याच्या घरात येऊन वस्तूला हात लावायचाच कशाला. माझं इथे काही काम नाही, हे मला ठाऊक होतं की." ते उठायला लागले. "उद्या सकाळच्या गाडीने निघतो मी."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती धास्ती होती. जेवायला काय आहे असं विचारलेली ती संध्याकाळ हेडक्लार्कांना आठवली. या वेळी चुकीचं बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण योग्य काय बोलायचं तेही सुचेना. तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं.

"बाबा, ती बुडणारच होती. मी बांधली होती."

सासरे उठता उठता थांबले.

"तुम्ही नसती घातलीत तर मी घातली असती," हेडक्लार्क पुढे म्हणाले. "माझ्या ऑफिसात मी रोज दहा माणसांना गळती कशी ओळखायची ते सांगतो. माझ्या मोरीचा नळ गेल्या वर्षापासून ठिबकतोय. तो बघा, तुमच्या मागे."

सासऱ्यांनी मागे वळून नळाकडे पाहिलं. नळ इमानाने ठिबकला. आणि म्हातारा हसला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग हसता हसता खोकला लागला आणि लेकीला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आई गेल्यापासून बाबांना असं हसताना तिने पाहिलंच नव्हतं. ती थापट्या मारत होती आणि रडत होती.

हसणं ओसरल्यावर सासऱ्यांनी टबातून एक पट्टी उचलली, निथळवली आणि डोळ्यांजवळ नेली.

"या टोकाला निमुळत्या का नाही केल्या?"

"पुस्तिकेत तसं होतं," हेडक्लार्क म्हणाले, "पण मनाला पटलं नाही."

सासऱ्यांनी ती पट्टी टबाच्या काठावर ठेवली. मग ते पुन्हा स्टुलावर टेकले. "चहा टाक गं," ते लेकीला म्हणाले, "आणि एखादं जुनं फडकं दे. आधी हे सगळं वाळवायला हवं."

सकाळची गाडी गेली. त्यानंतरच्या सकाळचीही गेली. गॅलरीत टेबल मांडलं गेलं आणि पट्ट्या वर्तमानपत्रावर ओळीने वाळत पडल्या. सासरे न्याहारी झाली की तिथे जाऊन बसत. नदीवर त्यांनी हाताच्या पंजाएवढे खिळे ठोकले होते. इथे नखाएवढ्या कडा तासायच्या होत्या आणि बोटं थरथरत होती. त्यांच्याही पट्ट्या मोडल्या, त्यांनीही चिडून चाकू आपटला. फटीत भुसा भरायचा हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. नावेच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासतात, असं म्हणून त्यांनी एक अख्खी बाजू तशी करून पाहिली. घरभर गोडेतेलाचा वास सुटला, मुंग्यांनी होडीचा ताबा घेतला आणि दोन दिवस ती त्यांच्या ताब्यातून सुटेना. मग कापूस काढला आणि भुसा कबूल झाला. त्या वादात सासरा-जावई एकमेकांवर आवाज चढवून बोलले आणि जेवताना एकमेकांकडे न बघता मीठ सरकवलं. आतून बायको हे ऐकायची आणि तिला इतकं बरं वाटायचं की ती स्वयंपाकात एखादा पदार्थ वाढवायची.

हेडक्लार्कांना मात्र होडीला हात लावायची बंदी झाली होती. त्यांच्याकडे भुसा पाडायचं काम आलं. ऑफिसातून आले की ते एका कोपऱ्यात बसून वाया गेलेली पट्टी काचपेपरावर घासत आणि भुसा वाटीत गोळा करत. एकदा सासऱ्यांनी वाटीत बोट घालून पाहिलं आणि भुसा बरा पाडता तुम्ही असं म्हणाले. हेडक्लार्कांनी हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिघांना सांगितलं. तिघांनाही नेमकं अभिनंदन कशाचं करायचं ते कळलं नाही, पण त्यांनी केलं.

असे दिवस गेले, आठवडे गेले. पट्ट्या एकमेकींना नीट भिडल्या. टोकाशी निमुळत्या, पोटाशी रुंद. होडी अशी काही सुरेख झाली की खालचा सुतारही एकदा वर येऊन बघून गेला. आणि एका सुट्टीच्या दुपारी जेवता जेवता सासरे सहज म्हणाले, "झालीच आता. बारीक फटी तेवढ्या बुजवायच्या राहिल्यात. रविवारपर्यंत होईल. मग मी निघायला मोकळा."

बायकोच्या हातातली पळी वाडग्यातच राहिली. हेडक्लार्कही जेवायचे थांबले. इतके दिवस त्या दोघांनाही वाटत होतं की बाबा राहिलेच आहेत. ते कामापुरते राहिलेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

जेवणं झाली. सासरे वामकुक्षीला आडवे झाले आणि त्यांचं घोरणं सुरू झालं. बायकोने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या उरलेल्या फटी आज तुम्ही भरा."

"मी?" हेडक्लार्कांना खरंच वाटेना. "बाबांनी मला हात लावायचा नाही असं सांगितलंय."

"ते झोपलेत. मी सांगेन त्यांना, मीच सांगितलं म्हणून. तुम्ही भरा, आणि मग छान घासूनही काढा."

हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. एवढं सगळं झाल्यावरही बायकोचा आपल्यावर विश्वास आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं आपणहून कुणी त्यांच्याकडे काम सोपवलं नव्हतं. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती आणि तिला त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

"म्हणजे मी ती बिघडवायची," ते म्हणाले.

"अहो, मुद्दाम काही बिघडवू नका," ती घाईघाईने म्हणाली. "बाबांच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही आपलं नेहमीसारखं, अगदी मनापासून, नीट करायला जा."

हेडक्लार्कांनी बाह्या दुमडल्या, भुशाची वाटी घेतली आणि गॅलरीत गेले. आणि इथे त्यांच्या बाजूने एवढं सांगायलाच हवं, की त्यांनी कसलीही लबाडी केली नाही. जिभेचं टोक दातांत धरून, श्वाससुद्धा जपून घेत, त्यांनी एकेक फट भरली. वाळू दिली. हलक्या हाताने घासली. एका ठिकाणी हात थोडा जास्त हलका पडला असं वाटलं म्हणून पुन्हा घासली. उभ्या आयुष्यात इतकं निगुतीने त्यांनी काही केलं नव्हतं. संपल्यावर त्यांना वाटलं की हे फारच छान झालं, आता बाबा जाणार, आणि बायकोला काय तोंड दाखवायचं या विचाराने ते कानकोंडे होऊन बसले.

सासरे उठले, तोंड धुतलं आणि गॅलरीत आले. त्यांनी होडी उचलून उजेडाकडे धरली. एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या. मग होडीच्या पोटातून पलीकडचं आकाश पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दारात लेक उभी होती, तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. उन्हाळा अजून अर्धासुद्धा सरला नव्हता, गॅलरीची फरशी चांगलीच तापलेली होती.

सासऱ्यांनी होडी अलगद टेबलावर ठेवली आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं," ते लेकीला म्हणाले, "घरी शेजाऱ्यांना फोन लाव. माझे थंडीचे कपडे पाठवून द्यायला सांग."